जावईबापूंची घंटा

घोड्याचं शर्यतीतलं नाव भलतंच भारदस्त होतं, पण पागेत सगळे त्याला जावईबापूच म्हणत. खाणं पुढ्यात आलं तरी कुणी आर्जव केल्याशिवाय तोंड लावायचं नाही, आणि जरा मनाविरुद्ध झालं की पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरं काय म्हणणार?

त्याच्या शर्यती संपल्या तेव्हा शिंपीणबाईंनी त्याला मागून घेतलं. पन्नाशीचं वय, कुरकुरणारे गुडघे, पण हात असा हलका की रेशमालाही सुईचा राग येऊ नये. आता त्या त्याला ड्रेसाज शिकवत होत्या. म्हणजे आखलेल्या चौकात डौलात चालायचं, वळायचं, थांबायचं. आणि सगळं शांतपणे.

"जन्मभर पळालेल्याला थांबायला शिकवताय, वन्सं," वहिनी म्हणाली. "आधी तुमच्या भावाला गप्प बसायला शिकवा!"

"तो माणूस आहे गं. अवघड काम."

पहिल्याच स्पर्धेत घात झाला. चौकात शिरण्याआधी परीक्षक घंटा वाजवतात. ती घणघणली आणि जावईबापूंना वाटलं, शर्यत सुटली! कुंड्या उडवत, बाईंना मानेशी लोंबकळवत स्वारी थेट गाड्यांच्या तळापाशी पोचली. पहिला आला म्हणा, पळणारा एकटाच होता.

पागेच्या मालकांनी तिथंच बजावलं, "पुन्हा उधळला, तर माझ्याकडे त्याला जागा नाही. तुमची हाडं मोडायची वाट बघत मी बसणार नाही."

गावात दुसरी पागा नव्हती. तरी बाई डगमगल्या नाहीत. घंटा ऐकून कुणी पळतो, कुणी हात जोडतो. त्यात घंटेचा काय दोष? जुनी सवय उसवत बसायचं नाही, आतून नवं अस्तर लावायचं.

त्यांनी पितळी घंटा आणली. खाण्याच्या वेळी ती वाजायची. घोडा हलला की टोपली मागे. स्थिर राहिला की बाई साद घालायच्या, "या जावईबापू, पान वाढलंय!" आणि सावकाश टोपलीपर्यंत न्यायच्या. हळूहळू घंटेचा आवाज आला की तो खांबासारखा उभा राहू लागला.

पुढच्या स्पर्धेत घंटा झाली. जावईबापू थांबले. थांबले ते थांबलेच! बाईंनी पायानं सुचवलं, बैठक जरा पुढे केली, छे. स्वारी परीक्षकांकडे बघत ओठ चाळवत होती.

"वन्सं, गाजर!" कुंपणाबाहेरून वहिनी कुजबुजली.

"टोपीत ठेवलंय की काय मी?"

वेळेत आत गेलं नाही तर स्पर्धा संपली. मैदान चिडीचूप, कडक इस्त्रीतली माणसं रांगेनं बसलेली. बाईंच्या ध्यानात आलं, बोलावल्याखेरीज हलायचं नाही हेही आपलंच शिकवणं. मग लाज कसली? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "या जावईबापू, पान वाढलंय!"

मैदान खदखदून हसलं. जावईबापू मात्र मान डौलदार करून, पंगतीला निघाल्यासारखे आत शिरले. दुडकी चाल, वळणं, मधोमध थांबून नमस्कार. लगाम शिवणीच्या दोऱ्याइतका सैल राहिला. शेवटून तिसरा नंबर आला. एकही कुंडी हलली नाही.

बाहेर मालक स्वतः गाजर घेऊन उभे होते. जावईबापूंनी गाजराकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

मालक वळसा घालून पुढे आले. "अहो, घ्या ना," ते म्हणाले. "घरचंच आहे."