समोरच्या उतारावरून मारलेली हाक

मी काठी बोलतेय. नुसती टेकायची काठी समजू नका हं. माझं एक टोक फावड्यासारखं चपटं आहे. जपानातल्या अकिताच्या डोंगरात बर्फ उपसायला मी, पाय घसरला तर रोवायला मी, आणि नेम धरताना बंदूक टेकवायलाही मीच. तोकुजीनं मला स्वतः तासलं, तळव्यानं चोळलं आणि म्हणाला, "जमलीस बरं का." तेव्हापासून मी त्याची झाले.

तोकुजी गावच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या. एरवी भारी खट्याळ, पण डोंगरात शिरला की कडक. डोंगराची देवी फार मानी. तिथे घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत, घरच्या नावानं कुणाला हाक मारायची नाही. चुकलंच कुणाचं, तर त्या दिवसाची शिकार बंद, आणि त्यानं ओढ्याचं गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं. एकानं एकदा बायकोच्या लोणच्याचं कौतुक केलं आणि बिचारा आठवडाभर शिंकत बसला.

दुसरा नियम याहून कडक. पिल्लाची आई मारली, की बंदूक जन्मभरासाठी खाली ठेवायची.

त्या वसंतात तोकुजीचा मुलगा यासुओ पहिल्यांदाच बंदूक घेऊन निघाला. त्याच्या आईनं, मिनेनं, दारात मलाच बजावलं, "पोराकडे लक्ष ठेव गं."

बर्फाची दरड कोसळते तिथली जमीन आधी उघडी पडते, कोवळं गवत आधी तिथेच फुटतं. हिवाळाभराचं उपाशी अस्वल दुसरीकडे कशाला जाईल? यासुओ त्या जागेच्या वरच्या कड्यावर दबा धरून बसला. तोकुजी आणि मी समोरच्या उतारावर. तिथून सगळं दिसतं, म्हणून म्होरक्या तिथे उभा राहून माझ्या खुणेनं शिकार चालवतो.

अस्वल आलं, मान खाली घालून चरायला लागलं. यासुओनं नेम धरला. तेवढ्यात आडव्या ओंडक्यामागून पिल्लू लुडबुडत बाहेर आलं. वरून ते दिसणं शक्यच नव्हतं. तोकुजीनं मला जोरजोरात हलवलं, पण पोराची नजर नेमावर. मग तोकुजीच्या तोंडून जी हाक निघाली ती डोंगरातली नव्हतीच.

"यासू, घरी चल रे, जेवायला!"

लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकलेली हाक ती. यासुओची मान आपसूक वळली. मायलेकरं झाडीत पसार झाली.

यासुओ तणतणत खाली आला. पहिलं अस्वल बापानंच घालवलं म्हणून रडायचाच बाकी होता. तोकुजी तोवर ओढ्यावर डोक्यावरून पाणी घेऊन कुडकुडत उभा. "आधी पावलं बघून ये," एवढंच म्हणाला. यासुओ गेला, मोठ्या पावलांशेजारची चिमुकली पावलं बघून परत आला, आणि आपला कोरडा कोट बापाच्या अंगावर घातला. मला तेव्हा दोघंही फार आवडले.

आता तोकुजी नाही. मला मधोमध चीर गेलीय, यासुओनं तार गुंडाळलीय. म्होरक्या आता तोच.

परवा त्याच उतारावर आम्ही उभे होतो. समोर अस्वलाची मायलेकरं चरत होती, पिल्लू दिसताच सगळ्यांनी बंदुका खाली केलेल्या. यासुओनं मला घट्ट धरलं आणि दरीत हाक घातली, "बाबा, घरी चला, जेवायला."

मग कुणी काही म्हणायच्या आत मला दगडाला टेकवून तो ओढ्याकडे उतरला.

देवीबाई, रागवायचं तर माझ्यावर रागवा. पोराला सर्दी लवकर होते.