पुढच्या खोलीतलं कस्टर्ड

माझा रसेल रविवारी जेवायला येतो आणि कोट काढायच्या आधी माझ्या फ्रिजमध्ये डोकं घालतो. कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत नोकरी, हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची. ती खोड आईच्या घरीही सुटत नाही. पण परवा त्याने कहर केला. शेफील्डला शिकणाऱ्या पोटच्या पोरीच्या बिऱ्हाडावर न सांगता धाड घातली, आणि माझ्या टेबलाशी बसून, मांसाबरोबरच्या यॉर्कशायर पुडिंगवर ग्रेव्ही ओतता ओतता हुकूम सोडला, "इमोजेन शनिवारी ते घर सोडणार. घरून ये-जा करेल."

पोरगी ताटात बघून रडायला लागली. तीन मैत्रिणींबरोबर मांडलेलं तिचं पहिलंवहिलं बिऱ्हाड ते.

"एवढं काय सापडलं तुला?" मी विचारलं.

"आई, पडद्याच्या दांडीवर बशी होती! आणि सिंकमध्ये जे उगवलं होतं ना, ते मलाही ओळखता आलं नाही."

"त्याचं नाव कीथ आहे," इमोजेन हुंदका देत म्हणाली.

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाळे, डोळे पूस. तुझा बाप शाळेत होता तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची. चार बेकार पोरं, एक घाणेरडं घर. एक जण कायम कस्टर्डने भरलेल्या बाथटबात राहायचा, दुसरा घर तापवणाऱ्या बॉयलरशी राजकारणावर भांडायचा, बॉयलर उलट उत्तरं द्यायचा, आणि घरमालक दर आठवड्याला छतातून खाली पडायचा. गोष्ट अशी काही नाहीच, नुसता धुडगूस."

माझा नवरा वॉल्टर खाणीवरून आला की ओरडायचा, "बंद कर ती घाण!" मी म्हणायचे, "इस्त्री चाललीय, हात मोकळा नाही." एकाच शर्टाला अर्धा तास इस्त्री. रसेल जमिनीवर, मी त्याच्या मागे, दोघंही तोंड दाबून हसायचो. शाळा मी लवकर सोडली, पण त्या बॉयलरचं म्हणणं मला प्रवचनापेक्षा चांगलं कळायचं.

"आई, पुढचं नको," रसेल म्हणाला.

म्हणजे सांगायलाच हवं होतं. पुढची खोली आमच्या गल्लीत पाद्रीबुवा आणि मयत, एवढ्यांसाठीच उघडायची. वॉल्टरची एथेल आत्या गेली. पोरांना दफनाला न्यायची रीत नव्हती, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत काही परतत नाही असं रसेलने स्वतःच ठरवून टाकलं. आम्ही काळ्या कपड्यांत परतलो, पाद्रीबुवा पुढे. मी दार उघडलं. सगळ्यांसाठी हॅमचे सँडविच मांडलेले, आणि मधोमध अंगणातला पत्र्याचा टब, काठोकाठ कस्टर्डने भरलेला. त्यात हे साहेब! पाद्रीबुवा एवढंच म्हणाले, "बाळ, कृपा करून उभा राहू नकोस."

इमोजेन खुर्चीवरून घसरायची बाकी होती.

"ते वेगळं होतं!" रसेल लालबुंद झाला. "ते विडंबन होतं, आई!"

"कस्टर्ड होतं."

"तुला आठवतच नाही ते!" म्हणत तो उठला, चमचा उगारून माझ्या बॉयलरसमोर उभा राहिला. "कॉम्रेड! तुम्ही तापता ते कोणाच्या जिवावर?" मग बॉयलरचा घोगरा आवाजही त्यानेच काढला. अख्खा प्रसंग म्हटला, एक शब्द विसरला नाही. टक्कल घामाने चमकत होतं.

इमोजेन बघतच राहिली. "बाबा, तू आमच्याकडे हे का नाही केलंस?"

"मला कोणी बस म्हणालं का? स्वयंपाकघराच्या दारात उभं ठेवलंत! तुझ्या त्या मैत्रिणीने विचारलं, हीटर दुरुस्त करायला आलात का काका? आणि आत सगळ्या खिदळत होत्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काटा खाली ठेवला.

"रसेल, चमचा ठेव आणि बस. त्यांच्या घरात घाण आहे, कबूल. पण तुझ्या पोटात दुखतंय ते त्या घाणीने नव्हे. मजा चालली होती आणि तुला कोणी आत घेतलं नाही, हे तुझं दुखणं. पोर तिथेच राहील. आणि तू पुढच्या खेपेला आधी कळवून जायचंस, केक घेऊन जायचंस, आणि त्या बसवतील तिथे गुपचूप बसायचंस."