मांदेल्याचा पाय

गुणवंतीच्या तोंडाला लागू नये, हे खाडीकाठच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातून तिच्या मांदेल्याला कोणी धक्का लावला तर संपलंच! नवरा ऐंशी साली समुद्रात बुडाला, त्यानंतरची चार वर्षं तिने ह्या पिवळट कुत्र्याच्या सोबतीने काढली होती. "मासळी विकून घरी आलं की कोणीतरी शेपूट हलवतं, तेवढं पुरे मला," म्हणायची.

आणि नेमकी त्या मांदेल्याच्याच मागच्या पायावरून बर्फवाल्या खंडूची हातगाडी गेली.

"आडवा आला गो तो! मी काय मुद्दाम घातली?" खंडू म्हणाला. पण ऐकतंय कोण! "मुडद्या, डोळे काय गहाण टाकलेस?" इथून जी सुरुवात झाली ती त्याच्या सात पिढ्या उद्धरूनच थांबली. वर गुणवंतीने मासळी विकणाऱ्या बायकांना बजावलं, ह्याचा बर्फ घेईल तिचं तोंड मी बघायची नाय. बायकांनी खरंच घेतला नाही. चार दिवस खंडूच्या लाद्या बंदरावर पाणी होऊन वाहून गेल्या.

पाय तिने स्वतःच बांधला. बांबूच्या कामट्या लावल्या आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने, जाळं विणताना मारतात तशा गाठी मारून, करकचून आवळला. मांदेल्या दोरा चावायला लागला की ती आणखी एक वेढा द्यायची. "सोस रे बाबा, सोस. हाड बसायला नको काय?" पाचव्या दिवशी पायाला वास सुटला. आता जनावरांच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. एसटीचा कंडक्टर कुत्र्याला चढू देईना, रिक्षावाल्याने नाक दाबून रिक्षा पुढे काढली. शेवटी खंडूच न बोलावता हातगाडी घेऊन दारात उभा राहिला.

"तुझीच गाडी राहिली होती माझ्या नशिबात!" ती कडाडली. पण मांदेल्या डोळेसुद्धा उघडेना, तेव्हा तिने त्याला उचलून मुकाट्याने गाडीवर ठेवलं. मुकाट्याने म्हणजे तेवढ्यापुरतं. दवाखान्यापर्यंतचा सगळा चढ ती खंडूला शिव्या घालतच चढली.

डॉक्टरने गाठी कापल्या आणि त्याचा चेहराच बदलला. "हाड जरासं चिरलं होतं. तीन-चार आठवड्यांत आपोआप जुळलं असतं. ह्या दोऱ्याने रक्त अडलं, पाय मेलाय. मांडीपासून कापावा लागेल. कोणी बांधलं हे?"

डॉक्टर खंडूकडे बघत होता. खंडूने मान खाली घातली. "अडाणी कुठले! मुक्या जनावराचे हाल करता, लाज नाही वाटत?" डॉक्टरने त्याला यथेच्छ झाडलं. गुणवंती गप्प उभी राहिली, जन्मात पहिल्यांदा.

इंजेक्शन दिल्यावर डोकं धरायला तिलाच बसवलं. करवत चालू झाली तशी ती मांदेल्याच्या कानाशी वाकली. "मी केलं रे हे. मी केलं." कुत्रा गुंगीत होता.

संध्याकाळी गाडी वाडीत आली आणि बायका धावल्या. "तीन पायांचा केला गो बिचाऱ्याला! हात झडोत ह्या खंड्याचे!" कमळाने तर मासे धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि खंडूच्या अंगावर रिती केली.

"कमळे, ठेव ती बादली!" गुणवंती ओरडली. "खंडूने नाय घालवला पाय. मी घालवला. माझा दोरा, माझ्या गाठी. डॉक्टर ह्याला बोलत होता आणि मी तोंड मिटून ऐकत होते."

गुणवंतीने पदराने नाक पुसलं. "खंडू, उद्या दोन लाद्या टाक माझ्याकडे."

खंडूने मांदेल्याला दोन्ही हातांनी उचलून तिच्या ओट्यावर अलगद निजवलं. मग सदरा पिळला. "तुला नाय देणार. कुत्र्यासाठी आलो होतो, तुझ्यासाठी नाय."

गाडी खडखडत निघून गेली. मांदेल्याने अर्धवट शुद्धीत तिचा हात चाटायला घेतला, तसा तिने तो मागे ओढला.