सहा नंबरचा चंबू

काच धुण्यात या प्रयोगशाळेत माझा हात कोणी धरू शकत नाही. सव्वीस वर्षं झाली. आणि माझी सख्खी भाची, जिची दुपटी मी धुतली, ती बुधवारी मला म्हणते, "मावशी, आता धुण्याचं मशीन मागवू या. तुझे हात बघ जरा." अंगाचा तिळपापड झाला माझ्या! काळजी होती म्हणे. असेल. मी बोलणंच टाकलं.

शुक्रवारी तिची पीएचडीची परीक्षा होती. पाच वर्षं घासली होती पोरीने, आणि विषय काय, तर रोगजंतूंच्या गप्पा. हे जंतू पाण्यात एक रसायन सोडतात. ते साठलं की त्यांना कळतं, आपण पुष्कळ झालो, आता सगळ्यांनी मिळून वागायचं. पण मोजके असतात तोवर आत चार छोटे आरएनए राखणीला बसलेले. मिळून वागण्याचा हुकूम निघाला रे निघाला, की हे त्याला चिकटतात आणि त्याची वाट लावतात. गर्दी झाली की चौघे गायब. एवढेसे जीव, पण सगळ्यांना गप्प ठेवतात! आमच्या माहेरी असा एक जरी असता तरी किती भांडणं टळली असती.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून भाचीने जंतूंमध्ये चमकण्याचा गुण घातला होता. मोजके असले तर अंधार, गर्दी झाली की निळा उजेड.

शुक्रवारी सकाळी परीक्षकबाईंना घेऊन आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. सहा नंबरच्या चंबूत मोजके जंतू होते आणि चारही आरएनए शाबूत. तो काळाकुट्ट दिसायला हवा होता. मेला निळाशार चमकत होता!

"तुमचे राखणदार झोपले वाटतं," परीक्षकबाई म्हणाल्या. "मग प्रबंधात उरलं काय?"

त्या निळ्या उजेडातही भाचीचा उतरलेला चेहरा दिसत होता. तेवढ्यात सहा नंबर मला आठवला. बुधवारी रागारागात जुन्या जंतूंनी गच्च भरलेला तो चंबू मी नुसता ओतला आणि न धुता वाफेच्या भट्टीत टाकला. जंतू मेले, पण त्यांचं रसायन तळाशी राहिलं. सव्वीस वर्षांची इभ्रत! पण पोरीची पाच वर्षं बुडत होती.

"तो मी धुतलाच नाही," मी म्हणाले. "हिच्यावर रागावले होते."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग चंबूकडे, आणि उडालीच. "म्हणजे ते फसले! जुन्या रसायनामुळे त्यांना गर्दी वाटली, म्हणून राखणदार गेले. माझंच म्हणणं खरं!"

"दाखवा तर," परीक्षकबाई म्हणाल्या. "चारपर्यंत थांबते. एक धुतलेला, एक न धुतलेला. मावशी, तीच चूक पुन्हा करा."

जुन्या जंतूंचे तीनच चंबू शिल्लक होते. पहिला ओतला, आणि हात आपोआप नळाखाली. लख्ख! दुसरा ओतला, तोही लख्ख. भाचीने कपाळावर हात मारला. "मावशी, आता एकच उरलाय. रागाव ना माझ्यावर!"

"राग गेला गं. काय करू?"

तिने एक क्षण विचार केला. "मशीनची ऑर्डर मी कालच दिली. सोमवारी येतंय."

"मला न विचारता? चार बुकं शिकलीस म्हणून मावशी अडगळ झाली?" मी चंबू ओतला, भट्टीत ढकलला आणि झाकण असं आपटलं की परीक्षकबाई दचकल्या.

मग भाचीने धुतलेल्या आणि न धुतलेल्या चंबूत सारखेच मोजके जंतू सोडले. चार वाजता न धुतलेला चंबू चमकत होता आणि धुतलेला ठार अंधारात. परीक्षकबाईंनी सही केली. भाची माझ्या गळ्यात पडून रडली. "ऑर्डर नव्हती गं दिली. थाप मारली."

"दिवसभर मनात तुला शिव्या घातल्या त्या फुकटच गेल्या!" मी म्हणाले, पण मलाही रडू आवरेना.

मग मी चंबू उचलला, तर तिने काढून घेतला. "दे. आज मी धुते. तू बस."

मी बसले. तिने धुऊन तो जाळीवर उपडा ठेवला. तळाशी साबणाचा थर तसाच होता, लांबूनही दिसत होता. ती पेढ्यांचं बघायला गेली, तेव्हा गुपचूप उठून पुन्हा धुतला.