कव्हर काढून बघा

ताईंचा कॉम्प्युटर मेला, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. मान्य नव्हतं ते फक्त ताईंना आणि कॉम्प्युटरला. तो बिचारा रोज सकाळी बटण दाबलं की उठायचा, भुणभुण करत कामाला लागायचा आणि तासाभराने, ऐन कॉलरची गोलाई जुळवताना, डोळे मिटायचा. पडदा काळा, पंखा गप्प. जरा दम खाऊ दिला की पुन्हा हजर, जणू काही झालंच नाही.

ताई कपडे बेतायच्या. शिंपी त्यांना मापं पाठवत आणि ताई पडद्यावर कोटाची पाठ, पुढची बाजू, बाही, कॉलर असे तुकडे आखून, शिवणीला माया, म्हणजे कडेला जरासं जास्तीचं कापड, सोडून, मोठ्या कागदावर छापून देत. आखणीचा प्रोग्रॅम जुना होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि नव्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होत नव्हता. म्हणजे हे मशीन गेलं की ताईंचं काम गेलं. हिशोब इतका सरळ होता.

धाकट्या भावालाही तो तितकाच सरळ दिसत होता. त्याला त्यात वाईट काही दिसत नव्हतं, एवढाच फरक.

"रविवारी भंगारवाला येतोय," तो जेवताना म्हणाला. "गॅलरीतली सायकल, तो गंजलेला पंखा आणि तुझा कॉम्प्युटर. एका खेपेत सगळं जाईल."

"सायकल ने, पंखा ने," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटर चालू आहे."

"तासभर चालतो त्याला चालू म्हणत नाहीत, ताई."

"तू ऑफिसातून आल्यावर तासभरसुद्धा चालत नाहीस. तुला ठेवलंय ना आम्ही?"

भावजयीला ठसका लागला. तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बरं," भाऊ म्हणाला, "रविवारपर्यंत नीट झाला तर राहील. नाहीतर जाईल. मग कुरकुर नको."

"नाही करणार. पण तूही करू नकोस."

दुकानातला दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने एक स्क्रूही न काढता 'वय झालंय' असं निदान केलं होतं. हल्ली डॉक्टरही तेवढंच सांगत, त्यामुळे ताईंचा या निदानावरचा विश्वास उडाला होता. गुडघा डावा दुखत होता आणि वय तर दोन्ही गुडघ्यांचं सारखंच होतं.

मग भावजयीनेच त्यांना मोबाइलवर 'मदतकट्टा' दाखवला. तिथे अनोळखी माणसं एकमेकांचे अडलेले कॉम्प्युटर फुकटात सोडवत आणि वर टोमणेही मारत. ताईंनी 'कात्री' असं नाव घेतलं आणि लिहिलं: "मी कपडे बेतते. माझा फार जुना कॉम्प्युटर तासाभराने आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने चालू होतो. पेटी हाताला गरम लागते. काय करू? टाकून द्या असं सांगायचं असेल तर लिहू नये."

पहिलं उत्तर अर्थातच 'टाकून द्या' हे आलं. 'निळापडदा' नावाच्या एका महाशयांनी लिहिलं होतं, "मावशी, मशीनचं वय ऐकून हात जोडले. दोन मिनिटं शांत उभे राहू."

"उभे राहा," ताईंनी उत्तर दिलं. "तेवढीच दोन मिनिटं टोमणे बंद."

'जुनंखोड' नावाचे एक जण मात्र कामाचे निघाले. त्यांनी लिहिलं, "गरम होऊन बंद पडत असेल. कव्हर काढून चालवून बघा. तसा चालला तर आत हवा खेळत नाही असं समजायचं."

ताईंनी कव्हर काढलं. कॉम्प्युटर दुपारभर चालला. एक पूर्ण कोट बेतून झाला, एकदाही डोळा मिटला नाही. संध्याकाळी त्यांनी कव्हर पुन्हा चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाहीच्या मध्यावर पडदा काळा झाला.

"कव्हर काढलं की चालतो, घातलं की बंद," त्यांनी कट्ट्यावर कळवलं.

आता तिथे गर्दी जमली. कुणी म्हणालं आतला पंखा उलटा फिरतोय. कुणी म्हणालं प्रोसेसर गेला, तो गेला की बोर्ड जातो आणि बोर्ड गेला की राहतं काय? निळापडद्याने सल्ला दिला, "मग उघडाच वापरा की. तुमचं घर, तुमचा कॉम्प्युटर, लाज कुणाची?"

"उघडा कसा ठेवू?" ताईंनी लिहिलं. "इथे दिवसभर कापड कापलं जातं. धागे, तंतू सगळे त्याच्या नाकातोंडात जातील. म्हणून तर कव्हर आहे."

"मग नवीन घ्या," चौघांनी एकसुरात सांगितलं.

तोवर शनिवार उजाडला होता. भावाने सायकल दाराशी आणून ठेवली, पंखा तिच्यावर टेकवला, आणि येता-जाता कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे बघू लागला. तिथे काय मांडता येईल, हे तो डोळ्यांनीच मोजत होता.

जुनंखोडांनी शेवटचा प्रयत्न केला. "ताई, कव्हर काढून एक फोटो टाका. पंखा कसा बसलाय तो बघू."

ताईंनी कव्हर काढलं, मोबाइल नीट धरला आणि फोटो टाकला.

"ताई, कव्हर काढून म्हटलं होतं."

"काढूनच टाकलाय."

"फोटोत तर लावलेलं दिसतंय. चारही स्क्रू जागच्या जागी आहेत."

"डोळे तपासून घ्या," ताईंनी लिहिलं. "घडी घालून खुर्चीवर ठेवलंय."



"घडी?" जुनंखोडांनी विचारलं. "पत्र्याची?"

"पत्र्याची कशाला असेल? अस्तराच्या कापडाची. मध्ये जाड कापूस भरून वरून टिपा मारल्यात. मागच्या महिन्यात मीच शिवलंय, पेटीचं माप घेऊन. वायरी आणि बटणापुरतं भोक सोडलं तर मागूनपुढून कुठे फट म्हणून नाही."

मग मात्र कट्टा फुटला. हसण्याची चित्रं ओळीने येऊ लागली. निळापडद्याने लिहिलं, "मशीनला दुलई! मावशी, झोपणार नाही तर काय करेल ते?"

ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिलाई मशीन, इस्त्री, छपाईचं यंत्र, या घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी कव्हर शिवलं होतं. भाऊ म्हणायचा, फार वेळ एका जागी बसलो तर ताई मलाही शिवेल. कव्हर म्हणजे आणखी काही असू शकतं, कॉम्प्युटरच्या बाजूच्या पत्र्यालाही लोक कव्हर म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि दुखणं मागच्याच महिन्यात सुरू झालं होतं. हे दोन धागे शेजारी शेजारी पडले होते, पण त्यांनी ते कधी उचलून एकत्र धरले नव्हते.

मोबाइल बंद करून टाकावा असं एकदा वाटलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं.

"हसून झालं असेल तर वाचा. कव्हर मी शिवलं, चूक माझी. पण मी सरळ लिहिलं होतं, काढलं की चालतो, घातलं की बंद. कसलं कव्हर, हे तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. पंखा उलटा आहे म्हणालात, प्रोसेसर गेला म्हणालात, बोर्डाचं तेरावंसुद्धा घातलंत. मशीन धडधाकट होतं. मी निदान माझ्या वस्तूला पांघरूण घातलं. तुम्ही तर जिवंतपणी पुरायला निघाला होतात."

जुनंखोडांचं उत्तर आलं. "बरोबर आहे, ताई. सगळ्यात आधी तेच विचारायला हवं होतं. चालू असताना उघडा ठेवा, बंद केलात की गार होऊ द्या आणि मग घाला पांघरूण. पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, धागे कमी जातील. आणि हे कव्हर नीट शिवलंय हो."



तरी ताईंनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. कव्हराशिवाय काम केलं, मशीन चाललं. मग मुद्दाम कव्हर घातलं, बंद पडलं. काढलं, गार होऊ दिलं, पुन्हा चाललं. तेव्हा कुठे त्यांनी पेटी उचलून टेबलावर ठेवली.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा कॉम्प्युटर सकाळपासून चालू होता आणि छपाईचं यंत्र कोटाची पाठ हळूहळू बाहेर सोडत होतं.

"काय गं होतं त्याला?" भावाने विचारलं. ताईंनी सांगितलं. तो पोट धरून हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पण ताई, खरं सांगू? आता जाऊच दे की."

"नीट झाला तर राहील, असं तूच म्हणालास."

"म्हणालो गं. मला काय माहीत तू नीट करशील." तो जरा चाचरला. "कशाला एवढी दगदग? तुला काय कमी आहे इथे? निवांत बसून खा."

"बसूनच करते. उभं राहून कोण बेततं?"

"थट्टा नको. माया आहे म्हणून सांगतोय."

"मायेचं मला शिकवू नकोस. रोज सोडते मी ती शिवणीत. अर्धं बोट पुरते," ताई म्हणाल्या. "हातभर सोडलीस तर कपडा होत नाही, पोतं होतं. आणि आतला माणूस गुदमरतो."

भावाने बायकोकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. "माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "हसत होता ना मघाशी? हसा आता."

भंगारवाल्याने सायकलला हात घालून, कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "साहेब, हे पण न्यायचंय ना?"

"चालू आहे ते," ताई म्हणाल्या.

"चालू माल आम्ही उचलत नाही, बाई. मागाहून भांडणं होतात." त्याने सायकल बाहेर काढली आणि पंख्यासाठी परत आला. भाऊ त्याला अडवायलाही गेला नाही आणि मदतीलाही गेला नाही. खोलीच्या मधोमध, हात मोकळे सोडून, नुसता उभा राहिला.

यंत्रातून बाहेर आलेला कागद टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागला होता.

"उभाच आहेस तर ते टोक धर," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "जमिनीला टेकलं तर चुरगळेल."

भावाने टोक धरलं.

"दोन्ही हातांनी," ताई म्हणाल्या. "आणि वाकडं नको. पाठ आहे ती कोणाची तरी."