चोरटी चलिमिडी

मी चलिमिडी बोलतेय. आवाज बारीक आहे माझा, कारण लपून राहायचीच सवय लागलीय. बाहेर पाऊल वाजलं तरी मी दबून बसते.

आंध्रात, गोदावरीकाठच्या एका गावात वीरवेणीच्या चुलीवर माझा जन्म झाला. तांदळाचं ओलं पीठ, गुळाचा पाक, तूप, खोबऱ्याचे तुकडे नि तीळ. मला घोटताना वीरवेणी सारखी दिवस मोजत होती. तिची लेक रत्नम दुसऱ्यांदा पोटुशी होती. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि आता पुन्हा पाचवाच लागला होता.

आमच्याकडे लेकीला दिवस गेले की आईने मला गुपचूप नेऊन द्यायचं. म्हणून माझं नावच दोंग चलिमिडी, म्हणजे चोरटी. चोरी नुसती नावाची. सासूला सगळं ठाऊक असतं, ती मुद्दाम दुसरीकडे बघते, आणि मग हशा पिकतो.

पण रत्नमची सासू बुल्लेम्मा हसणाऱ्यांतली नव्हती. तिची थोरली लेक बाळंतपणात गेली. बाळ मोठं होतं, अडलं. तेव्हापासून तिने मनाशी गाठ मारली, पोटुशीने पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाई जाते. सुनेच्या पानात ती मूठभर भात वाढायची. "थोडं थोडं, पण सारखं खात राहा," असं गावातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं. बुल्लेम्माने ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं.

"काय वदिना, हात हलवत आलात?" तिने दारातच विहिणीला टोमणा मारला.

"घाईत निघाले हो," वीरवेणी म्हणाली. मी तिच्या पदराखाली अंग चोरून बसले होते.

निघताना तिने मला लेकीच्या हातात कोंबलं. "चोरून खा हं. कुणाला दाखवू नकोस."

आईने रीत म्हणून सांगितलं, पोरीने ते खरंच धरलं. तिने मला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लपवलं. सासू परसात गेली की यायची, नखाएवढा तुकडा तोडायची, आणि तो चावायच्या आधीच दाराकडे बघायची. कधी तोंडाशी नेलेला घास परत ठेवायची. मला वाटायचं, ओरडून सांगावं, "अगं खा! मी आंबेन, मला मुंग्या लागतील, आणि तू अशीच वाळत जाशील!" पण मला कुठलं तोंड?

मुंग्या लागल्याच. त्यांची रांग बघत बुल्लेम्मा बरणीपाशी आली. झाकण उघडलं. "रत्नम! हे काय?"

रत्नम धावत आली आणि उंबऱ्यातच तिला भोवळ आली. भिंतीला धरत ती खाली बसली, ओठ पांढरेफटक. "अत्तय्या, रागावू नका... भूक लागते हो."

मी बुल्लेम्माच्या मुठीत होते. आता ही मला म्हशीपुढे टाकणार, असं वाटून मी स्वतःला घट्ट मिटून घेतलं. पण मूठ उघडली. तिने माझ्यावरच्या मुंग्या एकेक करून झटकल्या, मोठा तुकडा तोडला आणि सुनेच्या तोंडाशी धरला.

"खा."

"बाळ मोठं झालं तर?"

"तर मी काय करू गं?" बुल्लेम्मा रडायलाच लागली. "मला काही कळत नाही. तू खा."

आता मी बरणीच्या तळाशी लिंबाएवढी उरलेय. बरणी चुलीशेजारी, उघड्यावर ठेवलेली असते. बुल्लेम्मा रोज हाक मारते, "रत्नम, खाल्लंस का?" आणि ती खाताना मात्र तोंड फिरवून उभी राहते, कारण तिला बघवत नाही. बाळ येईल का, आई वाचेल का, मला ठाऊक नाही. ते बघायला मी उरणारही नाही. फार भीती वाटते.

एवढंच मागते. मला खुशाल चोरटी म्हणा. पण पोटुशी बाईला तिची भूक चोरायला लावू नका.