एका अक्षरानं पुसलेली नावं

मी एक जुनी फाइल आहे, मित्रांनो. कागदाची नाही; लातुरातल्या एका क्लासच्या ऑफिसात जो संगणक होता, त्याच्या पोटातली. दहावीचा निकाल लागला की गावोगावची मुलं त्या क्लासला यायची. निवड परीक्षेची नावं वहीत मावेनात, म्हणून क्लास चालवणाऱ्या दयानंद सरांनी बुशराला बोलावलं. प्रोग्रॅम लिहिणारी ही शहरातलीच मुलगी. तिनं पीएचपी या संगणकाच्या भाषेत एक फॉर्म बनवला. मुलांनी ऑफिसात बसून त्यात नाव भरायचं, बटण दाबायचं, की ते माझ्यात लिहिलं जायचं. बुशरानं स्वतःचं नाव एकदा भरून पाहिलं, मला उघडून वाचलं आणि खूश होऊन घरी गेली.

एकदाच पाहिलं, तिथंच घात झाला.

दुसरं नाव आलं आणि पहिलं पुसलं गेलं. तिसरं आलं, दुसरं गेलं. दोन दिवस हेच. पडद्यावर मात्र दरवेळी 'नाव नोंदवले' असं झळकायचं. मुलं समाधानानं उठून जायची आणि मी आतल्या आत चडफडायची. ओरडून सांगावं, तर फाइलीला तोंड कुठं असतं? गेलेली नावं मला आठवतही नसत.

रविवारी सकाळी परीक्षा होती. वहीतली दोनशे नावं आणि माझ्यात उरलेलं एक, अशी यादी फाटकावर लागली. ज्यांचं नाव नव्हतं, त्यांना शिपाई परत पाठवू लागला. किल्लारीहून जीपनं आलेले किशनराव मात्र हलेनात. मुलीला, तनुजाला, घेऊन ते थेट ऑफिसात शिरले. सर म्हणाले, फाइलच खराब निघाली, आम्ही तरी काय करणार. मला फार राग आला. मी तर सांगितलं तेवढंच केलं होतं.

किशनराव आवाज न चढवता म्हणाले, "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडच्या यादीत आमचं नाव नव्हतं. सा महिने पालात काढले. आता पोरीचं बी न्हाई म्हनायलेत. लिहिलेलं जातंय कुठं, तेवढं सांगा."

सरांनी बुशराला बोलावून घेतलं. तिनं प्रोग्रॅम उघडला आणि तिचा चेहरा उतरला. मला उघडण्याच्या ओळीत तिनं 'ए'ऐवजी 'डब्ल्यू' हे अक्षर लिहिलं होतं. 'ए' म्हणजे आहे त्याखाली जोड. 'डब्ल्यू' म्हणजे सगळं पुसून नव्यानं लिही.

"सर, फाइल चांगली आहे. चूक माझी आहे," ती म्हणाली. "आलेल्या सगळ्यांना बसू द्या."

सर मानेनंच हो म्हणाले. बुशरानं अक्षर बदललं. उरलेल्या एका नावाखाली तनुजाचं नाव लिहिलं आणि मला उघडून दोन्ही वाचली. फाटकाशी थांबलेली एकोणीस मुलं आत आली. बाकीची तोवर बसस्टँडकडे निघून गेली होती. बुशरा रिक्षा करून त्यांच्यामागे गेली, पण हाक मारणार कुणाला? नावं कुणाजवळच नव्हती.

ती मुलं कोण होती, ही तगमग माझी अजून जात नाही. म्हणून विनवते, मित्रांनो, कुणाचं नाव लिहायला घेतलंत तर एकावर थांबू नका. दुसरं लिहा, आणि पहिलं जागेवर आहे का ते बघा.